शनिवारचा दवाखाना

१० नोव्हेंबर, सोमवार

मीटिंगमध्ये हात थरथरायला लागले. टेबलाखाली घेतले, मांडीवर दाबून धरले. कुणाला दिसलं नसावं.

समोर कामगारांचा पुढारी डोंगरसिंग. ताठ बसलेला. कंत्राटी माणसांना कायम करा – हे एकच वाक्य तो दर वेळी त्याच आवाजात म्हणतो. मान हलत नाही, आवाज हलत नाही. मला त्याचा हेवा वाटला. खरंच वाटला.

माझंही वाक्य ठरलेलं. "मी सुरतला कळवते." सुरतला मालक जितेंद्रभाई. तिथून ते जे सांगतील ते नरडाण्यात माझ्या तोंडून बाहेर पडायचं. जूनमध्ये खोक्यांच्या या कारखान्याची प्लांट हेड झाले तेव्हा वाटलं होतं, आता आपलं ऐकतील. ऐकतात सगळे. माझ्याशी बोलत मात्र कुणी नाही.

जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीच्या खोलीकडे गेले. हेमलता आणि मी कितीतरी वर्षं तिथं एका टेबलावर डबे उघडले. आज ती हाताखालच्या मुलींशी कशावरून तरी हसत होती. मी दारात दिसले आणि हसणं थांबलं.

"काही काम होतं का मॅडम?"

जूनपर्यंत मी मृणाली होते. "नाही, सहज," म्हटलं. परत येऊन केबिनमध्ये एकटीने पोळी खाल्ली. अर्धी.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

रोजच्यासारखा जितेंद्रभाईंचा फोन. धुळ्याच्या खोलीवर पोचून पाय धुते न धुते तोच येतो. उत्पादन किती, बॉयलरचं काय, डोंगरसिंग काय म्हणतो. कामाचं बोलणं संपलं तरी फोन ठेवत नाहीत. आज गुडघा दुखतो म्हणाले. उंधियू खाल्ला म्हणाले. मी हो हो करत कुकर लावला.

नंतर भाजी चिरताना अचानक श्वासच पुरेना. छातीत काहीतरी अडकल्यासारखं. सुरी ठेवली आणि ओट्याला धरून उभी राहिले. मरतेय असंच वाटलं. मग गेलं ते.

हे दिवाळीपासून तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. जळगावच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर काढून ठेवलाय. मनोविकारतज्ज्ञ. धुळ्यात नकोच – निम्मे सुपरवायझर तिथेच देवपुरात राहतात.

शनिवारी कारखान्याला सुट्टी. जळगावला घरी जायचंच आहे. जाते.


१५ नोव्हेंबर, शनिवार – जळगाव

हसावं की रडावं.

प्रशीलला सांगितलं, दाढ दुखतेय, दाखवून येते. "कोणती?" नवरा एवढं तरी विचारणारच. मी उजवा गाल दाखवला. कॉलेजात पोरांना शिकवणारा माणूस, खोटं लगेच ओळखतो म्हणतात. माझं नाही ओळखलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. ओढणी डोक्यावरून घेऊनच जिना चढले. आत पाय टाकला तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोंगरसिंग!

मला बघून सवयीने उभा राहिला. मग बसला. मग परत उभा राहिला.

"सालाले दखाडाले लई येल शे," म्हणाला.

मेहुण्याला दाखवायला आणलंय. मेहुणा कुठेच नव्हता.

"मीही मैत्रिणीबरोबर आलेय," मी म्हटलं. मैत्रीण तरी कुठे होती.

दोघं दोन टोकांना बसून पंख्याकडे बघत राहिलो. मग काउंटरवरची मुलगी मोठ्यांदा ओरडली, "डोंगरसिंग पावरा!" तो हललाच नाही. तिने परत नाव घेतलं. तेव्हा उठला. माझ्यासमोरून जाताना खाली बघूनच पुटपुटला, "तुमना बी नंबर येईच, मॅडम."

आला. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. विचारलं, "कुणाशी बोलता?"

"दिवसभर बोलतेच की."

"तसं नाही. स्वतःबद्दल कुणाशी बोलता?"

बराच वेळ आठवत बसले. नाव सुचेना. तिथं रडले. गोळ्या दिल्यात. एक शनिवार सोडून यायचं.

बाहेर आले तेव्हा तो गेला होता.


१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गेटवर एकच विचार. त्याने सांगितलं असेल का? सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटत होतं. मग लक्षात आलं, सगळे रोजच बघतात.

तीन वाजता त्याच्याशी बैठक. नेहमीसारखाच कठोर बोलला. नक्की तारीख मागितली, नाहीतर काम बंद म्हणाला. माझ्या मनात आलं, आता टोमणा मारेल. एक शब्द पुरला असता. मारला नाही.

माझ्या मनात मात्र दुसरंही आलं. याचं गुपित आता माझ्याकडे आहे. लाज वाटली, पण आलं हे खरं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

कॉरुगेशनच्या मशीनवर तो पाळी करत होता. मी फेरीवर. पट्ट्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. कागदाच्या रोलकडे बघतच त्याने विचारलं, "गोळी लिधी का तोंड कोरडं पडस, तुमनं बी?"

"पडतं," मी म्हटलं. "पाणी पीत राहायचं म्हणाल्या डॉक्टर."

"हां."

एवढंच. पण दिवसभर हलकं वाटलं.


२२ नोव्हेंबर, शनिवार – असोदा

माहेरी, नानांकडे. भरताचा हंगाम, म्हणून चुलतभावांनी शेतात वांगी भाजली. प्रशील आणि लेक पुऱ्यांवर तुटून पडले. मला गोळीमुळे की कशामुळे, चव लागेना.

नाना रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून वस्तीतल्या मुलींचा अभ्यास घेतात. आज सगळ्यांना माझ्यासमोर बसवलं. "हे पाहा, हे मृणाली. आपल्या वस्तीतली. साडेतीनशे मानसं हिच्या शब्दावर चालतात. हिले कधी घाबरलेलं पाह्यलं का कोनी?"

मुलींनी माना हलवल्या. मीही हसले.

निघताना नाना म्हणाले, "चेहरा कामून उतरला बाई?"

"प्रवास, नाना."

त्यांना काय सांगू? त्यांनी आयुष्यभर लोकांना हेच दाखवलं, आमची पोरगी मोडत नाही.


२६ नोव्हेंबर, बुधवार

आज नरडाणा स्टेशनवर चहा घेतला. कच्च्या कागदाचा माल रेल्वेने मागवता येईल का ते विचारायला गेले होते. डोंगरसिंग गावाकडून आलेल्या कुणाला सोडायला आलेला. गाडी गेली आणि फलाटावर आम्ही दोघंच. "चहा?" मीच म्हटलं.

दोन घोट घेतले. मग एकदम बोलत सुटला. सातपुड्याच्या पायथ्याचं त्याचं गाव, शिरपूरच्या पुढे. गावातले बरेच जण त्यानेच कारखान्यात लावले. कुणाचा अपघात – डोंगरसिंग. पोराचा दाखला अडला – डोंगरसिंग. नवरा बायकोला मारतो – डोंगरसिंगला बोलवा. उन्हाळ्यात त्याच्या बरोबरीचा एकजण मशीनवरच कोसळला, दवाखान्यात नेताना याच्या मांडीवर गेला. तेव्हापासून झोप नाही. डोळे मिटले की मांडी जड होते म्हणाला.

"घरी सांगितलं?"

"रेश्माले? नही." बायको. "ती सांगस, तू बठ्ठासना शे, घरना कोनाच नही. तिले आते हाई बी सांगू?" सगळ्यांचा आहेस, घरात कुणाचाच नाहीस, असं ती म्हणते.

मग म्हणाला, कामगारांना कळलं तर संपलंच. पुढाऱ्याला झोप येत नाही म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी समजतात – भ्याला, नाहीतर विकला गेला.

मी माझं सांगितलं. हात. श्वास. हेमलताचा डबा. खोटी दाढ. दाढेचं ऐकून हसला. त्याचे दात इतके पांढरे आहेत हे मला माहीतच नव्हतं, त्याला हसताना कधी पाहिलंच नाही.

"पन मागनी सोडाव नही मॅडम," उठताना म्हणाला. मागणी सोडणार नाही.

"सोडू नका," मी म्हटलं.

चहावाला आमच्याकडे बघत होता. बघू दे.


२९ नोव्हेंबर, शनिवार – जळगाव

दवाखान्यात मध्ये एक खुर्ची सोडून बसलो. त्याने घरच्या शेंगा आणल्या होत्या. फोडून खाल्ल्या. काउंटरवरच्या मुलीने टरफलं उचलायला लावली.


६ डिसेंबर, शनिवार – असोदा

नानांबरोबर विहारात. मेणबत्त्या, पोरं, पांढऱ्या साड्या. खूप वेळ शांत बसले. पंधरवड्यात श्वास अडकला नाही.


१० डिसेंबर, बुधवार

मी काय करून बसले.

जितेंद्रभाईंचा फोन. आज गुडघा नाही, उंधियू नाही. कायम करण्याची मागणी मोडून काढायचीय, नाताळच्या आत. "डोंगरसिंगची एखादी नस शोधा. प्रत्येकाची असते."

"तसं काही नाही त्याचं."

"असतं हो. तुम्ही रोज बघता त्याला."

मला त्याला वाचवायचं होतं. खरंच तेवढंच होतं मनात. म्हटलं, "त्याच्यावर फार जोर करू नका. माणूस थकलाय. बरं नाही त्याला."

"काय होतंय?"

मी गप्प.

"दारू?"

"छे, नाही."

"मग? कुठे दाखवतो?"

मी गप्पच. खोटं बोलायचं तरी. मेहुणा, दाढ – काहीही. मला काही सुचलं नाही. त्या गप्प बसण्यातून किती बाहेर गेलं असेल?

"बरं," म्हणाले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून फोन ठेवला.


११ डिसेंबर, गुरुवार

त्याला सांगावं का? काय सांगू – मी काही बोलले नाही म्हणून?

नाही सांगितलं.


१३ डिसेंबर, शनिवार – जळगाव

डॉक्टरबाई म्हणाल्या, सुधारणा आहे. डोंगरसिंगलाही चार तास सलग झोप लागली म्हणाला. उतरताना पुढे तो, मागे मी. जिन्याखाली कुणीतरी मोटरसायकलवर बसून मोबाइल बघत होतं. मला उगाच भीती वाटली. काही नसेल.


१६ डिसेंबर, मंगळवार

होतं.

सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक फोटो. दवाखान्याची पाटी, डॉक्टरबाईंचं नाव, खाली मनोविकार. पायरीवर डोंगरसिंग, हातात औषधाची पिशवी. खाली लिहिलेलं – "येडा पुढारी आपल्याले कायम करी का?"

फोटोत तो एकटाच. त्याच्या मागच्या पायरीवर मी होते. मला कापून टाकलंय.

म्हणजे काढणाऱ्याने मला पाहिलं. म्हणजे जितेंद्रभाईंनाही माहीत आहे.

दुपारी शेडमागे कामगारांची सभा झाली. हेमलताने येऊन सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही म्हणे. उलट फार मायेनं – भाऊ, तुम्ही आराम करा, डोक्याला ताण नको. आणि पिंटूला पुढारी केलं. पंचविशीतलं पोरगं, स्टिचिंगवरचं. डोंगरसिंग कार्ड पंच करून निघून गेला. माझ्या केबिनच्या काचेसमोरून गेला. एकदा आत बघितलं.

तो समजतोय की मी केलं. आणि मी केलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

हेमलता दारात घुटमळत होती. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं का त्याचं?"

"हो," म्हटलं.


१७ डिसेंबर, बुधवार

फोन उचलत नाही. म्हणून सकाळीच गाडी काढून त्याच्या गावी गेले. शिरपूर सोडलं की डोंगर जवळ येत जातात. तुरी उभ्या होत्या. विचारत विचारत घर सापडलं – कुडाचं, स्वच्छ सारवलेलं.

दारात रेश्मा. मी ओळख द्यायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही मॅडम."

"हो. डोंगरसिंगभाऊ आहेत?"

"गोळ्यासनं तुमले माहित व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माले नही. माले मोबाइलवर कळनं. गावनी पोरंसनी दखाडं. बायको मी शे का तुम्ही?"

आजारपणाचा तिला राग नव्हताच. एवढं वजन तो दुसऱ्या कुणापाशी उतरवून आला, याचा होता.

तो मागून आला. खाट टाकली. रेश्माने पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं. फोन. नस. बरं नाही त्याला, हे माझे शब्द. आणि मग माझं गप्प बसणं.

तो समोर जमिनीवर बसला. मग मराठीत बोलला, सावकाश, मला नीट कळावं म्हणून. "मॅडम, मी पण तसाच गप्प बसतो. तुम्ही तोंडाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही गप्प बसून सांगितलं."

"मी कामगारांपुढे बोलते."

"काय बोलाल? डोंगरसिंग येडा नाही? तुम्ही म्हटलं म्हणून लोक ऐकतील?" मग हात जोडले. "आते जा. लोके तुमनी गाडी देखतीन. परत येऊ नका."

रेश्मा गाडीपर्यंत आली. मी काच खाली केली. ती काचेवर हात ठेवून उभी राहिली, मग वळून घरात गेली.


१८ डिसेंबर, गुरुवार

श्वास परत अडकला. केबिनमध्ये, दिवसा.


२० डिसेंबर, शनिवार – जळगाव

प्रशीलला सांगितलं. लेक क्लासला गेली होती. आधी दाढेपासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. मग उठून सिंकमधली भांडी घासायला लागला. सगळी घासली. मोलकरणीसाठी ठेवलेली कढईसुद्धा.

"दिवाळीपासून?" पाठमोराच म्हणाला.

"हो."

"आणि त्या डोंगरसिंगला माहीत होतं."

रेश्माचंच वाक्य. मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू घाबरला असतास. मग मला तुलाही धीर द्यावा लागला असता. माझ्यात तेवढा उरला नव्हता."

तो वळला. हाताला साबण. "बरोबर आहे," म्हणाला. "घाबरलोच असतो. आत्ताही घाबरलोय." मग जवळ आला नाही, तिथंच उभा राहून रडला. मला वाटलं होतं मी रडेन.

संध्याकाळी विचारलं, कामगारांसमोर बोलले तर काय होईल?

"नोकरी जाईल."

"नानांना कळेल."

"हो," म्हणाला. आणि बोलू नको असं म्हणाला नाही.


२२ डिसेंबर, सोमवार

बोलले.

तीनला पाळी बदलते तेव्हा गेटच्या आत, जिथे सगळे कार्ड पंच करतात तिथे. माइक घेतला नाही. हेमलताला माझ्या शेजारी उभी राहा म्हणावंसं वाटलं, नाही म्हटलं.

काय काय बोलले, सगळं आठवत नाही. म्हटलं, तो फोटो अर्धा आहे. पुढच्या पायरीवर भाऊ आहेत, मागच्या पायरीवर मी होते. मी त्याच डॉक्टरांकडे जाते. गोळी घेते. आणि या सहा महिन्यांत कारखाना चालला, तो माझ्याच डोक्याने चालला. त्यांनी तुमच्यासाठी भांडण केलं, तेही त्याच डोक्याने केलं. त्यांची बातमी बाहेर जायला मी कारण झाले. त्यांनी माझी कधी जाऊ दिली नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी मागे फसकन हसलं. पेस्टिंगच्या वच्छलाबाई अगदी पुढे होत्या, त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतले दिन सांगं नही बाई?" आणि पदर खोचून कामाला गेल्या. बाकीचेही गेले. मला वाटलं होतं काहीतरी होईल. मशीन सुरू झालं, एवढंच.

पाचच्या आत सुरतहून फोन. "हे काय करून बसलात? पुढच्या सोमवारी इकडे या."


२३ डिसेंबर, मंगळवार

स्टोअरचा सुपरवायझर एक निर्णय विचारायला आला, दारातूनच परतला. "राहू द्या मॅडम, आम्ही बघतो. तुम्हाला त्रास नको."

आता मी काचेची झाले.

नानांचा फोन. त्यांना कुणीतरी सांगितलंच. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "जेवली का?" आणि ठेवला.


२६ डिसेंबर, शुक्रवार

डोंगरसिंग कामावर आला. पुढारी म्हणून नाही, मशीनवर.

पिंटूने करारावर सही केली. निम्मेसुद्धा कायम झाले नाहीत. बाकीच्यांना नुसता शब्द. डोंगरसिंग असता तर हे झालं नसतं. सही माझ्यासमोर झाली. पिंटूचे हात थरथरत होते. मी माझ्याकडचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

पाळी सुटल्यावर डोंगरसिंग केबिनच्या दाराशी आला. आत आला नाही.

"रेश्मा उद्या मनासंगे येई राह्यनी. जळगावले."

"बरं झालं."

"तुमले रामराम सांगा म्हने."

माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.


२७ डिसेंबर, शनिवार – जळगाव

प्रशील बरोबर आला. चार माणसं, ओळीने चार खुर्च्या. रेश्मा प्रशीलकडे आणि प्रशील रेश्माकडे बघत नव्हते. मग तिनेच त्याला शेंगा दिल्या.


२९ डिसेंबर, सोमवार – सुरत

जितेंद्रभाईंच्या केबिनला खिडकी नाही. इतके महिने आवाज ऐकला, माणूस तिसऱ्यांदाच पाहिला. वाळले आहेत.

"मी तुम्हाला त्या फोटोतून काढलं होतं," म्हणाले. "वाचवलं होतं. तुम्ही स्वतःहून आत जाऊन उभ्या राहिलात. का?"

"तो एकटा उभा होता म्हणून."

"धंद्यात सगळे एकटेच असतात, मृणालीबेन."

मी म्हटलं, "फोटो तुम्ही काढायला लावला. त्या माणसाला घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही." माझे हात टेबलावर होते. थरथरत होते. खाली घेतले नाहीत.

ते टेबलावरचं पेन सरळ करत राहिले. मग म्हणाले, संक्रांतीनंतर दुसरा माणूस येईल. त्याला सगळं समजावून द्या.

एवढ्याचसाठी बोलावलं होतं. येताना गाडीत नंदुरबारपर्यंत रडले. नंतर झोपले. गाढ.


५ जानेवारी, सोमवार

हेमलता डबा घेऊन केबिनमध्ये आली. खुर्ची ओढली. डबा उघडला. मग म्हणाली, "मी घाबरले होते तुला. पद मिळाल्यावर तू बदलशील, मग माझाच अपमान होईल. त्यापेक्षा आधीच लांब झालेलं बरं, असं वाटलं."

"आणि मला वाटलं, तुला माझा राग आलाय."

"आलाच होता," म्हणाली. तिखट चटणी माझ्या पोळीवर ठेवली. आता जायची वेळ झाल्यावर.


७ जानेवारी, बुधवार

जितेंद्रभाईंचा फोन. नेहमीच्या वेळेला. मला वाटलं, उद्यापासूनच येऊ नका म्हणतील. बॉयलरचं विचारलं. मालाचं विचारलं. मग नुसते थांबले.

"ते तुमचे डॉक्टर," म्हणाले, "सुरतहून कुणी आलं तर घेतात का?"

"कोण येणार आहे?"

पलीकडून श्वासाचा आवाज येत होता – तोकडा, पुरत नसलेला. तो आवाज मी ओळखते.

एक क्षण वाटलं, फोन ठेवावा. या माणसाने डोंगरसिंगचं काय केलं.

मग म्हटलं, "शनिवारी या. मी असते तिथं. आणि भाऊही असतात – त्यांच्याशी काय बोलायचं ते ठरवून या."

म्हणाले, "येतो."

फोन दोघांपैकी कुणीच लगेच ठेवला नाही.